वहिनींनी सूट दिली नाही

आमच्या गल्लीत त्यांना तोंडावर वहिनी म्हणत आणि पाठीमागे ताणवहिनी. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दोन्हींना त्या ओ देत. धंदा बैठका बांधायचा. खुर्ची असो, सोफा असो, डॉक्टरकडचं बाकडं असो, लाकडी सांगाड्यावर जाड विणीचे पट्टे आडवे-उभे ताणून खिळवायचे, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या, मग कापड. कापड सगळे बघतात. पट्टे कोणी बघत नाही, आणि माणूस बसलेला असतो तो पट्ट्यांवर.

माझं सलून त्यांच्या दारासमोर. मधे एवढीशी गल्ली, त्यामुळे माझ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक जे बोले ते वहिनींना फुकट ऐकू येई आणि वहिनी जे बोलत ते गिऱ्हाइकाला झक मारत ऐकावं लागे. हल्ली गिऱ्हाइकांना एकच शब्द येतो, टेन्शन. एकदा आमचा शिंपी गळ्याभोवती पांढरा कपडा बांधून रडगाणं गात होता. पोरीच्या परीक्षेचं टेन्शन, नळाला पाणी नाही त्याचं टेन्शन, आई आणि बायकोचं टेन्शन, पाठीला टेन्शन.

समोरून वहिनी म्हणाल्या, "परीक्षेचं असतं ते दडपण. पाण्याची चणचण. आई आणि बायको दोघी दोन हातांना धरून खेचतात, त्याला ओढाताण म्हणा, कुतरओढ म्हणा. आणि दिवसभर बसून पाठ दुखते तो शीण, तोही उगाचचा."

"मग ताण कशाला म्हणायचं वहिनी?"

"दोन्ही टोकं पक्की असली तर ताण. एक टोक सुटं असलं तर ती नुसती ओढ. तुमचं तर एकही टोक पक्कं नाही, तुम्ही आपले घरी जाऊन ताणून द्या."

शिंपी हसला तेव्हा माझा वस्तरा थोडक्यात वाचला. म्हणजे वाचला शिंपी, पण माणूस आपल्या हत्याराची बाजू आधी घेतो.

अशी ही बाई. आता गोष्ट सांगतो. फार ताणणार नाही. गल्लीत माझी ख्याती वेगळी आहे, पण ती जळणाऱ्यांनी पसरवलेली.

कारखाना मूळ वहिनींच्या सासऱ्यांचा. त्यांना दोन मुलगे. धाकटा सुतारकाम करी, म्हणजे सांगाडे. थोरला, वहिनींचे यजमान, बैठका बांधी. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा काथ्या पिंजायला बसल्या, आणि पोरं शाळेत जायला लागेपर्यंत नवऱ्याच्या पुढे गेल्या. पट्टा ताणायला एक लाकडी ठोकळा असतो, एका टोकाला दाते. पट्टा दात्यांत अडकवायचा, ठोकळा सांगाड्याच्या कडेला टेकवायचा आणि खाली दाबायचा. किती दाबायचा हे कोणी शिकवू शकत नाही. वहिनी दाबत, मग बोटाने पट्टा टिचकवत, कान देत, आणि खिळा ठोकत. थोरला कौतुकाने म्हणे, "हिच्या हातात देवाने ताण मोजायचा काटा बसवलाय."

धाकट्याचं काम मात्र दिवसेंदिवस बिघडत गेलं. ओलं लाकूड घ्यायचं, सांध्यात लाकडी खुंटी मारायची ती मारायची नाही, नुसत्या सरसाने चिकटवून भागवायचं, वरून पॉलिश असं चकचकीत की त्यात भांग पाडावा. असल्या सांगाड्यावर पुरा ताण दिला तर सांधे उघडतात. त्यावर बैठकवाल्यांची जुनी रीत आहे. सांगाडा कच्चा दिसला तर बोलायचं नाही, पट्ट्याला जरा सूट द्यायची. ठोकळा थोडा कमी दाबायचा. बैठक थोडी लवकर खचते, पण सुताराची अब्रू राहते. थोरल्याने भावासाठी आयुष्यभर सूट दिली. तो गेल्यावर वहिनींनी दिली. धाकट्याला हे माहीत होतं. हे ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट त्यावर आहे.

थोरला गेला आणि धाकट्याने स्वतःला शेठ म्हणवून घ्यायला सुरुवात केली. आधी कोणी शेठ नव्हता त्या घरात. सासरेदेखील मिस्त्रीच होते. पण पाटीला रंग नवा, खुर्ची नवी, पोट नवं, मग नाव जुनं कशाला?

त्यानंतर ते दातांच्या डॉक्टरांचं बाकडं आलं. पेशंट बसायचं लांब बाकडं. सांगाडा इतका ओला की हात लावला तर बोटाला गार लागे. वहिनींनी सूट दिली. काही महिन्यांत बाकडं मधोमध खोलगट झालं आणि सगळे पेशंट घरंगळत एकमेकांच्या मांडीवर. डॉक्टर तणतणत कारखान्यात आले. मी तिथेच होतो, शेठची हजामत करायला त्याने मला बोलावून घेतलं होतं. त्याला माझ्या सलूनात यायला कमीपणा वाटे.

शेठने तोंडावरचा फेस पुसला आणि सगळ्या कामगारांसमोर, डॉक्टरांसमोर, एवढा मोठा सुस्कारा सोडला.

"काय सांगू डॉक्टर. आमच्या वहिनींचा हात सैल पडलाय. वय झालं. दादा गेल्यापासून मनही थाऱ्यावर नाही बिचारीचं. घरचं माणूस आहे, काढून कसं टाकू?"

वहिनी तिथेच होत्या, गुडघ्यावर बसलेल्या, तोंडात खिळे. त्यांनी दिराकडे पाहिलं. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तर बाकडं उलटं करून डॉक्टरांना सांधे दाखवता आले असते. पण मग सासऱ्यांच्या नावाची पाटी खाली आली असती, आणि सासरे तेव्हा कारखान्याच्या आतल्या खोलीत खाटेवर होते, कान शाबूत. वहिनींनी तोंडातले खिळे एकेक करून डबीत टाकले, ठोकळा उचलला आणि घरी निघून आल्या. परत त्या कारखान्यात पाऊल ठेवलं नाही.

शिवी दिली असती तर चाललं असतं. शिवीवर लोक विश्वास ठेवत नाहीत. कणव दाखवली की ठेवतात. "बिचारीचा हात गेला," एवढं वाक्य बाजारभर झालं. वहिनींनी घराच्या पुढच्या खोलीत काम मांडलं तर येणारी माणसं सांत्वनाला येत. कोणी उशी शिवून मागे, कोणी पायपुसणं. "जमेल तसं करा हो, घाई नाही." असं कोणी म्हणालं की त्या दिवशी वहिनींचा हातोडा जरा जोरात वाजे.

मी म्हणायचो, "वहिनी, सोडून द्या. तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात."

"ते कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांना म्हणावं, बैठक बांधून दाखवा." आणि मग पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "मला काही नको. त्याने ज्या तोंडाने सांगितलं ना, त्याच तोंडाने, तेवढ्याच लोकांसमोर, माझा हात कसा आहे ते सांगावं. ऐकून मरायचंय मला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मरायचं नाही. मला घाई कुठेय?"

सासरे वारले. वहिनी तेराव्यालाही शेठशी बोलल्या नाहीत, पण सासऱ्यांच्या नावाच्या पाटीकडे मात्र बराच वेळ बघत उभ्या होत्या. मला तेव्हाच वाटलं, आता या बाईच्या तोंडावरचा बंद निघाला.

पुढे शेठ व्यापारी मंडळाचा अध्यक्ष झाला. कसा झाला ते विचारू नका. त्यावर माझ्याकडे तीन हजामतींची माहिती आहे, पण विषय भरकटेल. अध्यक्ष झाल्यावर त्याने जाहीर केलं की मंडळाच्या सभागृहातली अध्यक्षाची खुर्ची जुनी झाली, नवी मी माझ्या कारखान्यातून देणार, सांगाडा माझ्या हातचा. उंच पाठ, रुंद हात, हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं. सिंह कुत्र्यासारखे झाले होते, पण पॉलिश फर्मास.

सांगाडा झाला आणि त्याने वहिनींच्या जागी ठेवलेल्या बैठकवाल्याने हातोडीने स्वतःचा अंगठा चेचून घेतला. समारंभ तोंडावर. बाजारात दुसरा जो बैठकवाला होता त्याने सांगाडा बघितला, सांध्यावर टकटक केली, आणि त्याला एकाएकी गावाला जायचं आठवलं.

मग वहिनींकडे आधी जाऊ आली. वहिनींची धाकटी जाऊ, शेठची बायको. बाई वाईट नाही, फक्त नवऱ्याचं बोलणं आपल्या तोंडात घेऊन फिरते.

"जाऊबाई, एवढं करा ना. हे म्हणतात, कसंही बांधा, वरून मखमल येणारच आहे."

"कसंही बांधायचं असेल तर तूच बांध. त्यांना स्वतःला पाठव."

शेठ आला. एकटा आला नाही, मंडळाच्या चिटणिसाला घेऊन आला, म्हणजे वहिनी तोंड उघडणार नाहीत. मागे हातगाडीवर खुर्ची. मी वस्तरा धुवायच्या निमित्ताने बाहेर आलो. वस्तरा धुवायला मला नेहमीच बराच वेळ लागतो.

वहिनींनी खुर्ची उतरवून घेतली, उलटी केली, पुढच्या पट्टीच्या सांध्यावर बोटाच्या पेराने वाजवलं. मी न्हावी, पण मलाही कळलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "बांधते. एकच विचारते. मी पुरा ताण देणार. सांगाडा सोसेल ना?"

शेठने चिटणिसाकडे पाहिलं. चिटणीस शेठकडे पाहत होता. आता बघा, माणूस कसा अडकतो. जरा बाजूला घेऊन "वहिनी, सांभाळून घ्या" एवढं म्हणाला असता तर झालं असतं. पण त्यासाठी सांगाडा कच्चा आहे हे कबूल करायला हवं. आणि ते कबूल केलं तर मागच्या सगळ्या बैठका सैल का होत्या, तेही आलंच.

"माझ्या सांगाड्याची काळजी तुम्ही करू नका," शेठ म्हणाला. "तुमच्या हातात जेवढा ताण उरलाय तेवढा द्या."

चिटणीस हसला. वहिनीही हसल्या. त्यांना मी असं हसताना पूर्वी एकदाच बघितलं होतं, मांजराने ताटलीतलं पळवलं आणि परत दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आलं, तेव्हा.

"चिटणीससाहेब, ऐकलंत ना? मागाहून माझ्या नावाने बोंब नको."

"ऐकलं, ऐकलं."

ते गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, त्याने म्हटलं असतं सांभाळून घ्या, तर घेतलं असतं?"

"नाही." ठोकळ्याचे दाते त्या फडक्याने पुसत होत्या. "पण त्याने म्हणायला हवं होतं."

ती बैठक बांधताना मी बघितली. असं काम मी पुन्हा बघितलेलं नाही. पट्टा टोकाला दुमडायचा, खिळे नागमोडी मारायचे म्हणजे लाकूड चिरत नाही, आडवा पट्टा उभ्याच्या एकदा वरून एकदा खालून घ्यायचा. कुठे लबाडी नाही, कुठे जास्त जोर नाही. मी मुद्दाम विचारलं, "जरा जास्तच खेचताय का?" तर माझ्याकडे अशा भुवया ताणून पाहिलं की मी सलूनात जाऊन गिऱ्हाईक नसताना कात्री चालवत बसलो. शेवटी बोटाने टिचकी मारली तेव्हा बैठक टणकन बोलली. आणि सांगाडा हळूच कण्हला. वहिनींनी त्यावर हात फिरवला, म्हाताऱ्या म्हशीवर फिरवतात तसा, आणि मखमल चढवली.

समारंभाला सगळा बाजार. पहिल्या रांगेत दातांचे डॉक्टर. वहिनी मागच्या दारापाशी उभ्या, हातात कापडी पिशवी. शेठने भाषण केलं. वडिलांचं नाव घेतलं, दादाचं घेतलं, "आमच्या वहिनींनाही मी विसरलो नाही, हात थकला असला तरी घरचं माणूस म्हणून काम दिलं," असं म्हणून टाळ्या घेतल्या. टाळ्या वाजवताना लोकांनी मान वळवून वहिनींकडे कणवेने पाहिलं. मग तो खुर्चीवर बसला.

आता त्याचं वजन मी सांगत नाही, पण त्याची हनुवटी शोधायला मला वेळ लागे. बसला, तेव्हा काही झालं नाही. चिटणीस आभार मानायला उभा राहिला. शेठने ऐटीत पाय पसरले आणि मागे रेलला. तेवढ्यात आधी एक 'कर्र', मग एक 'ताड'. पुढचे दोन्ही सांधे निखळले, पुढची पट्टी खाली पडली, आणि पट्ट्यांनी दोन्ही बाजू आत ओढल्या. खुर्चीचे हात दोन्हीकडून येऊन शेठच्या पोटात रुतले. सिंहांची तोंडं एकमेकांना भेटायला निघाली होती, मधे शेठ होता म्हणून थांबली.

तो पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं. तो अडकला. उठायला जोर केला की हात आणखी आवळत. दोघे-चौघे धावले, त्यांनी काखेत हात घालून उचललं तर खुर्चीही वर आली.

"वहिनींचा हात..." शेठ ओरडला, सवयीने, आणि पुढे शब्द सापडेना. सैल म्हणावं तर स्वतः आवळला गेलेला.

वहिनी सावकाश पुढे आल्या. पिशवीतून खिळे उपसायचं पातं काढलं. 

"सरका बाजूला," त्यांनी उचलणाऱ्यांना सांगितलं. "डॉक्टर, इकडे या. वाका जरा. खालून पट्ट्यावर बोट दाबून बघा."

डॉक्टर वाकले. दाबलं. पुन्हा दाबलं.

"सैल आहे?"

"छे! अक्कलदाढेपेक्षा घट्ट आहे."

"एखादा खिळा निघालाय? पट्टा फाटलाय?"

"नाही. लाकूड उघडलंय. आणि हे आतून... ओलं आहे हो हे."

"वहिनी, आधी सोडवा," शेठ घामाने निथळत म्हणाला. "मग बोलू घरी."

"घरी नको. घरी आपण काही बोललो नव्हतो." वहिनींनी पातं पहिल्या खिळ्याखाली घातलं आणि तिथेच ठेवलं. "डॉक्टरांच्या बाकड्याला मी सूट का दिली होती?"

"वहिनी, लोक बघतायत."

"तेव्हाही बघत होते."

"श्वास कोंडतोय माझा."

"तो दाब आहे भावजी, पोटावरचा. बोललात की उतरेल."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मी नव्हतो. मी हसलो ते नंतर, मोठ्याने.

शेठने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे सिंह. जाऊ पदर तोंडाला लावून उभी होती, ती म्हणाली, "सांगून टाका ना आता, काय ते!"

"सांगाडा कच्चा होता," शेठ पुटपुटला.

"मागे ऐकू जात नाही."

"लाकूड ओलं होतं! सांध्यात खुंटी नव्हती! म्हणून वहिनींनी सूट दिली होती. झालं?"

"आणि माझा हात?"

त्याने डोळे मिटले. "चांगला आहे."

"कसा?"

"बाजारात तसा हात नाही," तो म्हणाला, आणि हे मात्र त्याच्या तोंडून आपोआप आलं, कारण शेवटी तोही त्याच बापाचा मुलगा, बैठक त्याला कळत होती.

वहिनींनी पहिला खिळा उपसला. चिटणीस म्हणाला, "अहो, पट्टे कापा ना सरळ!"

"कापायचे कशाला? चांगला माल आहे." आणि त्यांनी एकेक खिळा सावकाश, न वाकवता, काढून डबीत टाकला. शेठ खुर्चीतून बाहेर आला तेव्हा सभागृहातला चहा निवून गेला होता, पण कोणी घरी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं बाकडं वहिनींच्या दारात. मग हॉटेलवाल्याच्या खुर्च्या, मग शाळेचा सोफा. पुढच्या खोलीत जागा उरेना, गल्लीत सामान मांडावं लागलं, माझ्या गिऱ्हाइकांना खुर्च्यांवरून उड्या मारत यावं लागे. आणि शेठकडे जो येई तो म्हणे, सांगाडा तुमचा चालेल, बैठक वहिनींची हवी.

तेव्हापासून शेठ स्वतः येतो. गडी पाठवला तर वहिनी काम घेत नाहीत. तो सांगाडा आणून ठेवतो आणि उभा राहतो, कारण बसायला त्या सांगत नाहीत. वहिनी आधी एक पट्टा नुसता अडकवतात आणि पुऱ्या ताणाने ओढून बघतात. सांधा कर्र बोलला की म्हणतात, "घेऊन जा." शेठ उचलतो आणि चालू लागतो, गल्ली सगळी बघत असते.

मागच्या आठवड्यात जाऊ रडकुंडीला येऊन म्हणाली, "जाऊबाई, किती ताणाल? सुधारलेत हो ते आता. वाळलेलं लाकूड आणतात, खुंट्या मारतात."

"मी कुठे नाही म्हणते? म्हणून तर ओढून बघते."

आज सकाळी त्याने एक लहानसं स्टूल आणलं होतं. साधंच, पॉलिशसुद्धा नाही. वहिनींनी पट्टा दात्यांत अडकवला आणि ठोकळा दाबला. मी वस्तरा हातात धरून दारात, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी माझ्या मागे. आवाज नाही. वहिनींनी आणखी दाबलं. आवाज नाही. स्टूल जागचं हललं नाही. शेठने रोखलेला श्वास सोडला आणि आपसूक मागे वळून टेकायला जागा शोधायला लागला.

"उभे राहा भावजी," वहिनी म्हणाल्या आणि ठोकळ्यावर दुसरा हातही ठेवला. "झालं नाही अजून."